डाव्या कानाची पाळी

दवाखान्यात त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणायचे. डॉक्टर कानात बॅटरी मारून बघायचे, थेंब लिहून द्यायचे. पण माणसाला नेमकं किती ऐकू येतं ते सांगायचं काम बाईंचं. एकतीस वर्षं त्या तेच करत आल्या होत्या. मागच्या खोलीत कपाटाहून जरा मोठी अशी एक बंद पेटी होती. आतून राखाडी स्पंज, एका बाजूला जाड काच. माणसाला आत बसवायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि एकच सांगायचं, "आवाज आला की दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा. नाही आला तर दाबू नका." मग दार लावून बाहेर यंत्रापाशी बसायचं आणि काचेतून बघत बघत एकेक बारीक होत जाणारा सूर सोडायचा.

एकतीस वर्षं काचेतून माणसं बघितली की मशीनपेक्षा डोळेच जास्त सांगायला लागतात. नुकसानभरपाईसाठी बहिऱ्याचं सोंग घेणारे यायचे. सोंगाड्या खुर्चीला टेकून आरामात बसतो, चेहरा कोरा ठेवतो. ज्याला खरंच ऐकू येत नाही तो पुढे झुकतो, श्वास रोखून धरतो. आणि तिसरी एक जात होती, तिची बाईंना सगळ्यात जास्त धास्ती वाटायची. आपलं काही बिघडलंय हे ज्यांना मान्यच करायचं नसतं, ती माणसं. सूर सोडलेलाच नसताना ती बटण दाबतात. वर चेहऱ्यावर समाधान. ती खोटं बोलत नसतात, त्यांना खरोखर ऐकू आलेलं असतं. अशांच्या कागदावर, जितक्या वेळा बटण दाबलं तितके बारीक गोल बाई कोपऱ्यात काढून ठेवायच्या. डॉक्टरांना त्या गोलांचा अर्थ ठाऊक होता, पेशंटला नसायचा.

बाईंचा मुलगा पत्ते खेळून घर चालवायचा.

हे वाक्य असं सरळ तोंडातून काढायला बाईंना पाच वर्षं लागली होती. तोवर कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "हिशोबाचं काम करतो." ते अगदीच खोटं नव्हतं. एका कंपनीच्या हिशोब खात्यात त्याने चार वर्षं काढली होती, आणि पोकरच्या टेबलावर त्याला अजून अकाउंटंटच म्हणत. सकाळी अकराला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात जेवणाचा डबा घेऊन तो निघायचा आणि रात्री आठच्या आत घरी यायचा. कुठल्याही दिवशी भांडवलाच्या विसाव्या भागापेक्षा जास्त टेबलावर न्यायचं नाही, हा त्याचा नियम. चिडलो की उठायचं, हा दुसरा. "आई, मी नशिबाशी खेळत नाही," तो म्हणायचा. "माझ्यापेक्षा वाईट खेळणाऱ्यांशी खेळतो. जगात त्यांचा तुटवडा नाही."

"आणि तुझ्यापेक्षा चांगला खेळणारा आला तर?"

"तर मी टेबल बदलतो. तू पण बदलतेस ना भाजीवाला?"

बाईंना हसू यायचं. हसू आलं की भांडण मिटायचं, हे त्याला लहानपणापासून माहीत.

तिसरा नियम त्याने बाईंच्या गळ्यात बांधला होता. मुलगी झाली, तिचं नाव लाडाने चिमणी पडलं, तेव्हा त्याने भांडवलातून एक मोठी रक्कम काढली आणि बाईंच्या एकटीच्या सहीने बँकेत ठेवली. त्याला घरात 'डबा' म्हणायचे. सगळं बुडालं तरी दीड वर्षं घर चालेल एवढा तो डबा होता. "मी मागितला तरी द्यायचा नाही," त्याने बजावलं होतं. "मी रडलो, ओरडलो, पाया पडलो तरी नाही. मी म्हणेन, ते तेव्हाचं होतं, आता वेगळं आहे. तेव्हा तर मुळीच नाही."

"आणि तुझ्या बायकोने मागितला तर?"

"तिने मागितला तर लगेच दे. ती आपली अक्कल शाबूत ठेवून आहे."

सून स्वयंपाकघरातून ओरडली, "अक्कल शाबूत असती तर तुझ्याशी लग्न केलं असतं का?"

असं ते घर होतं. तक्रार करायला जागा नव्हती, म्हणूनच बहुतेक बाई सारखी जागा शोधत असायच्या.

बाईंच्या हातून चूक झाली ती या मुलाच्या भल्यासाठी.

तो चार वर्षांचा असताना साखरेची बरणी फुटली होती. "मी नाही फोडली," म्हणताना त्याचा हात डाव्या कानाकडे गेला आणि त्याने कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळली. तेव्हापासून त्याने कधीही थाप मारली की हात तिथेच जायचा. सिगारेट लपवली तेव्हा. नोकरी सोडून तीन आठवडे रोज तयार होऊन बाहेर जात राहिला तेव्हा. जिच्याशी पुढे लग्न केलं ती 'नुसती मैत्रीण' होती तेव्हा. बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. पोटच्या पोराची अशी एखादी खूण आपल्याकडे असली की आईला रात्री झोप लागते.

मग एकदा तो औषधाच्या गोळ्या घरी विसरला आणि त्या पोचवायला बाई तो खेळायचा त्या क्लबवर पहिल्यांदा गेल्या. टायरच्या दुकानावर पहिला मजला. लांब बोळ, बोळाला लागून दोन खोल्या आणि दोन्हींना बोळाच्या बाजूने अख्खी काच. पहिल्या खोलीत पाच-सहा लहान टेबलं. दुसरीत मोठ्या रकमांच्या डावाचं एकच मोठं टेबल, वर हिरवं कापड, भोवती जाड गाद्यांच्या खुर्च्या. लहान टेबलावरच्यांना येता-जाता मोठं टेबल दिसत राहावं म्हणून मालकाने ती काच लावली होती, असं त्यांना पुढे कळलं. बाईंनी सवयीने काचेवर बोटाने टक केलं. दुहेरी. आपल्या पेटीसारखीच.

मुलगा लहान टेबलावर होता. त्याने पुढ्यातल्या बऱ्याच चिप्स, पैशांऐवजी वापरायच्या त्या रंगीत चकत्या, मध्ये सरकवल्या आणि समोरच्याकडे शांतपणे बघितलं. समोर करड्या लोकरी टोपीतला एक माणूस होता. टोपीवाला पत्त्यांकडे बघतच नव्हता. त्याची नजर मुलाच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला होती. मुलाचा हात कानाकडे गेला, पाळी चोळली आणि परत खाली आला. टोपीवाला हलकेच हसला आणि त्याने आपल्या चिप्स पुढे केल्या. पत्ते उलटे झाले. मुलाकडे काहीच नव्हतं, नुसती थाप होती.

घरी आल्यावर बाईंना राहवेना. "तो टोपीवाला तुझ्याशी नेहमी जिंकतो ना?"

"नेहमी असं नाही. पण त्याचं नशीब..."

"नशीब नाही. तुझा कान."

त्यांनी सांगितलं. तो आधी खो खो हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "कधीपासून?"

"बरणी फुटली तेव्हापासून."

"सव्वीस वर्षं? आणि तू आज सांगतेस?"

पुढचे तीन महिने जेवणं झाली की टेबलापाशी शिकवणी भरायची. तो बाईंसमोर बसून थापा मारायचा, बाई नजर ठेवायच्या. "आज बसमध्ये माझ्या शेजारी घोडा बसला होता," तो गंभीरपणे म्हणायचा आणि हात उचलला जायचा. "हात!" बाई म्हणायच्या. "तिकीट काढलं होतं त्याने." "हात!" चिमणीला तर खेळच मिळाला. ती मांडीवर उभी राहून किंचाळायची, "हात! बाबा, हात!"

"आई, हे काय शिकवताय त्याला?" सून म्हणाली. "उद्या मलाच थापा मारेल."

"आत्ताही मारतोच. मी हात बघून तुला सांगत नाही, एवढंच."

हसून हसून पुरेवाट व्हायची. हळूहळू हात अर्ध्यातच थांबायला लागला. मग उचलायचाच बंद झाला. एके दिवशी जेवताना तो दोन्ही तळवे एकावर एक टेबलावर ठेवून, खालच्या आवाजात म्हणाला, "आई, तुझ्या परवाच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय. डॉक्टरांनी मला फोन केला होता. तुला इतक्यात सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं."

सुनेच्या हातातला चमचा ताटात वाजला.

तो चार श्वास तसाच बसून राहिला. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. मग एकदम टाळी वाजवून ओरडला, "जमलं!"

सुनेने त्याला पाठीत धपाटा घातला. बाईही हसल्या. पण ताटातलं त्यांना संपवता आलं नाही.

त्यानंतर तो जिंकायला लागला. टोपीवाल्याकडून जिंकला, इतरांकडून जिंकला. सहा महिन्यांत लहान टेबल सुटलं. घरात नवी शिलाई मशीन आली, चिमणीला सायकल आली. कुणाशी बोलताना तो आता फार सौम्य बोलायचा. बाई त्याच्याकडे बघत राहायच्या आणि त्यांना काही म्हणजे काही कळायचं नाही. "कसं चाललंय?" "मस्त." हात मांडीवर. "दमलायस का?" "नाही गं." हात मांडीवर. एखाद्या खोलीचा दिवा आपणच काढून टाकावा आणि मग अंधारात चाचपडावं, तसं त्यांचं झालं.

मोठ्या टेबलाबद्दल त्यांना कळलं ते मुलाकडून नाही, प्रोफेसरकडून.

प्रोफेसर क्लबातलाच. साठीचा, स्वच्छ दाढी केलेला, कोटाच्या कोपरांना ठिगळ. एके काळी त्या शहरातला सगळ्यात चांगला खेळाडू. आता तो सकाळी टेबलांवरचं कापड ब्रशने झाडायचा आणि दिवसभर बोळातल्या स्टुलावर बसून इतरांचे डाव बघायचा. कान तपासायला आला आणि बाईंच्या टेबलावरचा फोटो बघून म्हणाला, "हा अकाउंटंट तुमचा? छान खेळतो. मोठ्या टेबलावर बसायला लागल्यापासून जरा घाई करतो, पण छान खेळतो."

"मोठ्या टेबलावर?"

आपण नको ते बोललो हे त्याच्या लक्षात आलं. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

"तुम्ही पण तिथे बसत होता?" बाईंनी हेडफोन पुसत विचारलं.

"हो. लोक म्हणतात मी एका दिवसात बुडालो. तसं नाही. बुडत मी आठ महिने होतो, कळलं एका दिवसात." तो हसला. "भांडवल संपलं की मालक कागद ठेवून घेतो. घराचे, गाडीचे, जे असतील ते. ठेवतो आणि चिप्स देतो. सही करायला पेन पण त्याचंच. खूप चांगलं लिहितं."

"कुणी थांबवलं नाही?"

"सगळ्यांनी थांबवलं. मला त्यांचं ऐकू येत नव्हतं." मग पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "म्हणून तर आलोय."

त्याचे कान वयाच्या मानाने बरे निघाले. पण शांततेत त्याने सात वेळा बटण दाबलं. बाईंनी कोपऱ्यात सात गोल काढले.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारलं. "हो, बसतो कधी कधी," तो म्हणाला. "तू काळजी करशील म्हणून नाही सांगितलं. विसाव्या भागाचा नियम पाळतो." हात मांडीवर. बाईंनी सुनेकडे बघितलं. सून नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं, दिवा नसलेल्या खोलीत उभं राहिल्यासारखं.

पाच आठवड्यांनी, एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत तो दवाखान्यात आला. लहानपणी शाळा सुटल्यावर तो पेटीत बसून अभ्यास करायचा, तिथल्यासारखी शांतता घरी नाही म्हणायचा. मोठा झाल्यावर कधी फिरकला नव्हता. इस्त्रीचा शर्ट होता. जेवणाचा डबा नव्हता. त्याऐवजी एक काळी चपटी बॅग होती. बसताना त्याने ती खाली ठेवली नाही, मांडीवर आडवी धरली.

"जेवलीस का?"

"बसतच होते. अर्धं घे."

"नको. आई, डबा मोडायचाय."

बाईंनी हातातला घास परत ठेवला. "कुठला?"

"बँकेतला. तुझी एक सही लागेल. संध्याकाळपर्यंत परत भरतो."

"तूच म्हणाला होतास, मागितला तरी द्यायचा नाही."

"ते तेव्हाचं होतं."

"'ते तेव्हाचं होतं' असं तू म्हणशील, हेही तूच सांगितलं होतंस."

तो हसला. छान, मोकळं हसला. "तू वकील व्हायला हवी होतीस. ऐक. आज मोठ्या टेबलावर दोन नवे येतायत. पैसा भरपूर, समज शून्य. आणि टोपीवाला. तो गेले दोन महिने कसा खेळतोय ते मला आरपार दिसतं. असं टेबल वर्षातून एकदा जमतं. जमलं की मी उठलो, कायमचा. कानाला खडा."

"मग तुझं भांडवल कुठे आहे?"

"जरा खाली आहे."

"जरा म्हणजे?"

"जरा."

दोन्ही तळवे बॅगेवर, एकावर एक. डावा कान उघडा, स्वच्छ, नुकतेच केस कापलेले. बाई त्या कानाकडे बघत राहिल्या. सगळं आयुष्य इतरांचे कान बघण्यात गेलं आणि या एका कानापुढे आपण ठार अडाणी झालो, असं त्यांना वाटलं. तो थापा मारत होता की खरं सांगत होता? हे सांगणारी एकच खूण होती आणि ती त्यांनी स्वतःच शिकवणी घेऊन पुसून टाकली होती.

"आत बस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पेटीत. दहा मिनिटं. मग सही करायची की नाही ते सांगते."

"आई, माझे कान..."

"बस म्हटलं ना."

तो बसला. "बॅग बाहेर ठेव," त्या म्हणाल्या. "असू दे," म्हणून त्याने ती मांडीवरच ठेवली. बाईंनी हेडफोन चढवले, बटण हातात दिलं, आणि त्यांच्या तोंडून सवयीने सगळं आलं. "आवाज आला की दाब. नाही आला तर दाबू नको."

दार लागलं. बाहेर बाई यंत्रापाशी बसल्या. पहिले सूर नीट सोडले. उजवा कान, डावा कान. तो बरोबर दाबत गेला. कान ठणठणीत होते, वीस वर्षांच्या पोरासारखे.

मग बाईंनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि हात मांडीवर घेतले.

पेटीत काही नव्हतं. सूर नाही, खरखर नाही, बाहेरची बस नाही. बाई मनात आकडे मोजत होत्या. अकरा झाले तेव्हा यंत्रावरचा लाल दिवा लागला. त्याने बटण दाबलं होतं. बाईंनी कागदावर गोल काढला. नऊ आकड्यांनी पुन्हा दिवा. गोल. त्याने डोळे मिटले होते आणि ओठांच्या कडेला अगदी बारीक हसू होतं, लांबून कुणी ओळखीचं हाक मारत येत असावं तसं. पुन्हा दिवा. पुन्हा. बाईंनी मोजणं सोडलं. कोपरा भरला.

खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं.

त्यांनी दार उघडलं. "मी सही करणार नाही."

"का? रिपोर्ट काय म्हणतो?"

"कान चांगले आहेत. पण मी आवाज सोडलाच नव्हता, तेव्हाही तू दाबत होतास."

मग त्याने हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवले. "तुझं मशीन जुनं झालंय, आई," तो प्रेमाने म्हणाला. "बरं. नको तर नको. तू म्हणतेस तर आज जातच नाही. सरळ घरी जातो. तू जेवून घे."

त्याने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा. डावा बॅगेवर होता. त्याची पावलं जिना उतरून गेली.

बाई जेवायला बसल्या. पहिला घास तोंडात फिरत राहिला. बॅग. पत्ते खेळायला जाताना त्याने आयुष्यात कधी बॅग नेली नव्हती. चपटी, फाइल मावेल एवढी. आत बसतानाही सोडली नाही.

त्यांनी सुनेला फोन लावला. ती शाळेच्या लायब्ररीत कामाला होती, गुरुवारी अर्धा दिवसच असायचा.

"घराची फाइल कुठे असते?"

"कपाटात, वरच्या खणात. का?"

"जरा बघ."

फोनमधून कपाटाचं दार कुरकुरलं. हँगर सरकले. खण ओढल्याचा आवाज, कागद चाळल्याचा. मग दुसरा खण. मग पहिलाच पुन्हा. आवाजांवरून बाईंना सगळं दिसत होतं.

"आई, फाइल नाहीये." सुनेचा आवाज बारीक झाला होता. "पासपोर्ट आहेत, चिमणीचे कागद आहेत. फाइल तेवढी नाही. तो तुमच्याकडे आला होता का?"

"आत्ता गेला."

"काय म्हणाला?"

"सरळ घरी जातो म्हणाला."

पलीकडे खण धाडकन बंद झाला. मागे चिमणी कसलं तरी गाणं मोठ्याने म्हणत होती.

बाहेर बाकावर दुपारचे पहिले पेशंट, एक आजोबा, येऊन बसले होते. "आजोबा, आज नाही जमायचं," बाई म्हणाल्या. "काय?" आजोबांनी विचारलं. "आज नाही!" "हो हो, बसतो." बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना तसंच सोडून जिना उतरल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

डबा दिला असता तर फाइल बॅगेतच राहिली असती का? रिक्षात बसल्यावर हा प्रश्न आला आणि उतरेपर्यंत शेजारी बसून राहिला. बरोबर वागलो म्हणून घर गेलं, असं होऊ शकतं का? कुणाला विचारायचं?

टायरच्या दुकानावरचा जिना त्या रबराच्या वासातून धापा टाकत चढल्या. बोळात स्टुलावर प्रोफेसर बसला होता. त्यांना बघताच उठला.

"बाई, आत सोडणार नाहीत. डाव चालू आहे."

"बोलवा त्याला."

"आता नाही उठता येत त्याला. त्याने सगळं मध्ये टाकलंय."

"सगळं म्हणजे?"

प्रोफेसरने काचेकडे बोट केलं. "टोपीवाला विचार करतोय. त्याने पत्ते टाकून माघार घेतली तर तुमच्या मुलाचं सगळं त्याला परत, वर टोपीवाल्याचंही. त्याने चिप्स पुढे केल्या, तर मग पत्ते बघायचे."

बाई काचेपाशी गेल्या. हिरव्या टेबलाच्या मध्यभागी चिप्सचा ढीग होता. मुलाच्या पुढ्यात कोरं हिरवं कापड. बॅग कुठेच दिसत नव्हती. तो ताठ बसला होता, दोन्ही तळवे एकावर एक टेबलावर, चेहऱ्यावर एक रेष नाही. तो श्वास घेत होता तो मोजून.

हा चेहरा त्यांनी बघितला होता. याच चेहऱ्याने तो म्हणाला होता, तुझा रिपोर्ट आलाय.

म्हणजे हातात काही नाही. बाईंना ते इतकं लख्ख कळलं की त्यांचा हात तोंडावर गेला. नवी खूण हीच होती. खूण गेली नव्हती, कानावरून उतरून सगळ्या अंगभर पसरली होती, आणि ती त्यांना आज, इथे, काचेच्या अलीकडे कळत होती. पण म्हणजे वाटही होती. टोपीवाल्याने पत्ते टाकले तर घर परत. फक्त त्याला कळता कामा नये.

टोपीवाल्याने मान वर केली. मुलाकडे बघितलं. मग नजर बाजूला सरकली, काचेकडे. बाईंकडे. हात तोंडावर ठेवून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईकडे, आणि पुन्हा मुलाकडे, त्याच्या नाकाकडे, हनुवटीकडे. नाक आणि हनुवटी मुलाने आईचीच घेतली होती.

बाई गर्रकन वळल्या. काचेला पाठ करून उभ्या राहिल्या. किती वेळ बघितलं असेल त्याने? एक श्वास? अर्धा? त्यांनी चेहरा सैल सोडला, हात खाली घेतले, जणू कुणाची तरी सहज वाट बघताहेत. आता काय उपयोग होता? पण त्यांना दुसरं काही सुचेना. प्रोफेसर त्यांच्या खांद्यावरून आत बघत होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर कळलं असतं, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या स्विचकडे नजर लावली.

मागे काहीच ऐकू येत नव्हतं. दुहेरी काच. बाईंनी कान एकवटले, ऐकू न येणारी माणसं एकवटतात तसे, श्वास रोखून, किंचित पुढे झुकून. एकदा वाटलं, चिप्स सरकल्या. एकदा वाटलं, कुणी हसलं. हातात बटण असतं तर त्यांनी ते दाबलं असतं.

मग दार उघडलं. गाद्यांच्या खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज बोळात आले आणि दार लागल्यावर बंद झाले. पावलं त्यांच्या ओळखीची होती, तो चालायला लागला तेव्हापासूनची. ती त्यांच्या मागे येऊन थांबली.

"तू इथे काय करतेस, आई?" आवाज सौम्य होता. "मी येतच होतो. जिंकलो मी. सगळं ठीक झालं."

बाई वळल्या. उजवा हात रिकामा, बाजूला लोंबत होता. डावा हात वर गेलेला. दोन बोटांत धरलेली कानाची पाळी तो चोळत होता, चोळत होता, लाल होईपर्यंत, आणि आपण काय करतोय हे त्याला कळतच नव्हतं.

"हात," बाई हळूच म्हणाल्या.